परसदारातील मधपेटी : कायदा, शेजार आणि आपला व्यवसाय

आयुर्वेदीय चिकित्सकाचा एकही दिवस मधावाचून सरत नाही. सितोपलादि असो, त्रिकटू असो वा बालकांस चाटवावयाचे बालचातुर्भद्र चूर्ण असो, औषधाचे नाव लिहून झाले की पुढे ‘मधातून’ हा शब्द लेखणीतून आपोआप उतरतो. मधाचे योगवाहित्व, त्याचे लेखन व संधानकर गुण यांविषयी या नियतकालिकाच्या वाचकांस नव्याने काही सांगावयास नको. परंतु तो मध येतो कोठून, या प्रश्नास अलीकडे निराळीच धार आली आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ छापांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक छापांचे नमुने परदेशी प्रयोगशाळेतील चुंबकीय अनुनाद कसोटीस उतरले नाहीत. संबंधित कंपन्यांनी ते निष्कर्ष अमान्य केले हे खरे. पण वैद्यांच्या मनात जी शंका बसली ती बसलीच.

याचा एक परिणाम असा की, ज्यांच्या घरास वा दवाखान्यास परसदार आहे अशा अनेक वैद्यबंधूंनी तेथे एखादी मधपेटी ठेवण्याचा विचार सुरू केला. काहींनी पेट्या ठेवल्याही. आणि मग आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येऊ लागला : याला परवानगी कोणाची लागते? शेजाऱ्याने तक्रार केली तर काय होते? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

प्रथम हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, निवासी भागात मधमाश्या पाळण्याविषयी, मधपेटी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असा नागरी नियम आपल्या शहरांत आमच्या पाहण्यात आलेला नाही. पेटी ठेवण्यास मनाई नाही, आणि ठेवण्याचा हक्कही कोठे लिहिलेला नाही. जे आहे ते सामान्य कायद्यातून लागू होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ हा, इतरांस उपद्रव वा धोका होईल अशा रीतीने प्राणी पाळण्यास प्रतिबंध करतो. आता मधमाशी हा ‘प्राणी’ आहे काय, असे कोणी विचारील. भारतीय न्याय संहितेची व्याख्या येथे उपयोगी पडते. मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव म्हणजे प्राणी, इतकी ती व्यापक आहे. माशी तिच्यातून सुटत नाही. याच संहितेच्या कलम २९१ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जीवितास किंवा त्यास गंभीर दुखापत होण्याचा संभव असता पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. धोकादायक प्राण्यास बंदिस्त करावे, नष्ट करावे किंवा त्याची अन्यथा विल्हेवाट लावावी असाही आदेश त्यात येतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांतील वैद्यांस आणखी एक बंधन आहे. संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार इतर सभासदांस उपद्रव, त्रास वा गैरसोय होईल असे कृत्य सभासदाने करावयाचे नसते. शिवाय गच्ची ही कोणा एकाची नव्हे. सर्वसाधारण सभेच्या ठरावावाचून गच्चीवर पेटी ठेवणे म्हणजे भांडणास आपणहून निमंत्रण देणे होय. तळमजल्यावर स्वतःचे अंगण असलेल्यांची गोष्ट वेगळी, तरी उपद्रवाचा नियम त्यांनाही चुकत नाही.

म्हणजे आपल्याकडे नियम असा उरतो : जोवर कोणी तक्रार करीत नाही तोवर सर्व क्षेम, आणि तक्रार झाली की निर्णय त्या क्षणी जो अधिकारी खुर्चीवर असेल त्याच्या समजुतीवर. आम्हांस ही स्थिती पेटी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने जितकी गैरसोयीची वाटते तितकीच शेजाऱ्याच्या दृष्टीनेही. त्यालाही पेटी किती अंतरावर असावी असे सांगणारा कागद दाखविता येत नाही.

एका जिल्ह्याच्या गावी आमच्या एका स्नेही वैद्यांच्या परसात सातेरी माश्यांची एक पेटी होती. शेजारच्या मुलास दंश झाला, हात सुजला, आणि मुलाचे वडील अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. तेथील लिपिकास हा अर्ज कोणत्या सदरात नोंदवावा हे कळेना. अखेर तो मोकाट जनावरांच्या नस्तीत गेला. तपासणीस आलेल्या कर्मचाऱ्याने पेटीकडे दुरूनच पाहिले आणि ‘चार दिवसांत काढून टाका’ असे तोंडी सांगून तो निघून गेला. आम्ही तेथे गेलो तेव्हा जे आढळले ते असे. पेटीचे प्रवेशद्वार नेमके शेजाऱ्याच्या अंगणाकडे होते. मध्ये जेमतेम चार फूट उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे कपडे वाळत घालण्याची दोरी. माश्या पेटीतून निघून सरळ त्या दोरीच्या उंचीवरून जात. वाळत घातलेल्या धोतरांवर पिवळे ठिपके पडत ते माश्यांच्या विष्ठेचे. गृहिणीची मूळ तक्रार दंशाची नव्हतीच, ती त्या ठिपक्यांची होती. उन्हाळ्याचे दिवस असल्याने माश्या पाण्यासाठी शेजारच्या नळाशी जमत आणि मुलास दंश झाला तोही तेथेच.

उपाय साधा होता. तिन्हीसांजेनंतर, माश्या घरी परतल्यावर, पेटी थोडी थोडी फिरवीत काही दिवसांत तिचे तोंड स्वतःच्या घराच्या भिंतीकडे केले. मध्ये सात फूट उंच हिरवी जाळी बांधून तिच्यावर वेल चढविला. माश्यांस वर चढून जाणे भाग पडले व त्यांचा मार्ग माणसांच्या डोक्यावरून गेला. पेटीपासून थोड्या अंतरावर उथळ परळात खडे टाकून पाणी ठेवले व ते एक दिवसही कोरडे पडू दिले नाही, कारण माशीला एकदा दुसरा पाणवठा सापडला की ती तो सहजी सोडत नाही. शेजाऱ्यांच्या घरी मधाची बाटली गेली हे सांगणे नकोच. पेटी आजही तेथे आहे. परंतु या सर्व गोष्टी आधी करावयास सांगणारा एक छापील कागद नगरपालिकेत असता तर मुलाचा हातही सुजला नसता.

असा कागद अशक्य नाही. न्यूयॉर्क शहरात मधमाश्या पाळण्यास मनाई होती. मार्च २०१० मध्ये तेथील आरोग्य मंडळाने ती उठविली व त्याऐवजी आरोग्य विभागाकडे पेट्यांची नोंदणी, पाण्याची सोय आणि माश्यांचे योग्य व्यवस्थापन या अटी घातल्या. लॉस एंजेलिस शहराने २०१५ साली स्वतंत्र घरांच्या आवारात पेट्या ठेवण्यास मुभा दिली. त्या नियमांचा तपशील आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. दर अडीच हजार चौरस फूट जागेमागे एकच पेटी; आवाराच्या हद्दीपासून किमान पाच फूट आणि सार्वजनिक रस्त्यापासून वीस फूट अंतर; पेटीचे तोंड हद्दीकडे नको; पेटी व हद्द यांच्यामध्ये सहा फुटांची भिंत, कुंपण वा झुडपांची रांग, किंवा मग पेटी जमिनीपासून आठ फूट उंच; आणि आवारातच पाण्याची व्यवस्था. वर सांगितलेल्या प्रसंगात आम्ही जे केले ते याहून फारसे वेगळे नव्हते. माशी तेथलीही पाणी शोधते आणि अडथळा आला की वर उडते.

तथापि ते नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तेथील माशी युरोपीय मेलिफेरा. आपल्या परसास योग्य ती भारतीय सातेरी, जिला काही भागांत सातपुडी म्हणतात. ती अंधाऱ्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी बांधते, म्हणून पेटीत राहते. तिची वसाहत लहान, स्वभाव तुलनेने सौम्य, आणि चाऱ्यासाठी तिची धाव साधारणपणे मैलभराच्या आतबाहेर. मेलिफेरा मध अधिक देते, पण तिची वसाहत मोठी असते, तिला फुलोऱ्याचे मोठे क्षेत्र लागते, आणि चारा कमी पडला की ती सातेरीच्या पेट्या लुटते. दाट वस्तीच्या परसात मेलिफेरा ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आग्या माशी तर पेटीत राहतच नाही. ती उघड्यावर एकच मोठे पोळे लोंबविते. तेव्हा ‘मधमाश्या’ या एका शब्दाखाली सातेरी व आग्या यांना एकत्र कोंबणारा नियम कोणी केला तर तो नियम नसल्यापेक्षा वाईट ठरेल. वर्तमानपत्रांतून गडकिल्ल्यांवरील हल्ल्यांच्या ज्या बातम्या येतात त्या सामान्यतः आग्याच्या असतात. भीती आग्याची आणि शिक्षा सातेरीला, हा अन्याय आम्ही अनेकदा पाहिला आहे.

(शास्त्रातील माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पैत्तिक हे चरकोक्त चार प्रकार, किंवा सुश्रुताने सांगितलेले आठ प्रकार, आजच्या कोणत्या माशीशी जुळतात हा वाद विद्वानांनी पुष्कळ घातला आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. नगरपालिकेच्या अर्जात ‘माक्षिक’ असे लिहून काही साधणार नाही, एवढे मात्र खरे.)

आपल्याकडील गावांसाठी आमच्या मते पुढील गोष्टी पुरेशा आहेत. गुंठाभर आवारास एक, फार तर दोन सातेरी पेट्या. पेटी हद्दीपासून शक्य तितकी दूर, तोंड आपल्याच घराकडे, आणि मध्ये माणसाच्या उंचीहून वर जाणारा आडोसा. बारमाही पाणी. पेटीची तपासणी व मध काढण्याचे काम मुले शाळेत असताना, दुपारपूर्वी, शेजाऱ्यांस आधी सांगून. शाळा, पाळणाघर किंवा रुग्णालय यांस लागून पेटी नको. आंतररुग्ण विभाग असलेल्या दवाखान्याच्या मालकांनीही याचा विचार करावा. पंचकर्माच्या रुग्णाच्या अंगावर तेलाचा, फुलांचा गंध असतो आणि खिडक्या उघड्या असतात. घर फुटण्याच्या हंगामात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, पेटी आठवड्यातून एकदा तरी पाहिलीच पाहिजे. राणीघरे वेळीच ओळखून वसाहत विभागली नाही तर निम्म्या माश्या जुन्या राणीसह बाहेर पडतात आणि शेजाऱ्याच्या आंब्यावर घोस करून बसतात. तो घोस पोटभर मध पिऊन निघालेला असतो व सहसा कोणास चावत नाही, हे आपणांस ठाऊक. शेजाऱ्यास ठाऊक नसते, आणि तो अग्निशामक दलास दूरध्वनी करतो.

अग्निशामक दल व कीटकनाशक फवारणारे ठेकेदार हा या विषयातील सर्वांत दुःखद भाग आहे, आणि तो आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. इमारतीच्या सज्जाखाली मोहोळ दिसले की संस्थेचे सचिव फवारणीवाल्यास बोलावितात. रात्री विषारी फवारा मारला जातो, सकाळी झाडूने माश्यांचा ढीग भरला जातो. आणि पोळे? ते टाकून दिले जातेच असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ पत्र्याच्या डब्यात ताजी पोळी घेऊन विक्रीस आले. मध गडद, वास चांगला, भाव बाजाराच्या निम्मा. माश्या कशा उठविल्या असे विचारता त्यांनी अगदी सहजपणे ‘औषध मारले’ असे सांगितले. आम्ही तो मध घेतला नाही. पण तो डबा रिकामा परत गेला असेल असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. तो कोणाच्या तरी अवलेहात, कोणाच्या तरी बालकाच्या चाटणात गेला असणार. ज्या औषधी निर्मात्यांकडे ‘रानमध’ म्हणून सुटा मध येतो त्यांनी विक्रेत्यास पहिला प्रश्न वनस्पतीचा न विचारता माश्या कशा उठविल्या हा विचारावा. स्थानिक नियमात एखादेच कलम घालता आले तर आम्ही हे घालू : वस्तीतील मोहोळ हलविताना विषाचा वापर करू नये, आणि विष वापरलेले पोळे तेथेच, साक्षीदारांसमक्ष, नष्ट करावे. पेटीच्या परवानगीपेक्षाही आम्हांस हे कलम अधिक निकडीचे वाटते.

सातेरीचे मोहोळ तर मारण्याची गरजच नसते. जाणकार मधपाळ पोळी कापून चौकटीत बांधतो, राणी सापडली की माश्या मागोमाग पेटीत येतात. आग्याचे पोळेही संरक्षक पोशाख घालून, केवळ मधाचा भाग कापून, पिल्लांचा भाग तसाच ठेवून काढण्याची अहिंसक पद्धत प्रचारात आहे. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे, आणि महाबळेश्वर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. प्रशिक्षणाविना पेटी ठेवणे हे द्रव्यगुण न वाचता रसौषधी देण्यासारखे आहे. आम्ही तसे कोणासही सुचविणार नाही.

पेटीतून अपेक्षा किती ठेवावी याविषयीही स्पष्ट असावे. सातेरीची पेटी वर्षाला पाच-दहा किलो मध देईल, कधी त्याहून कमी, एखाद्या वर्षी मुळीच नाही. एवढ्यात औषधी कारखाना चालत नाही. दवाखान्यातील चाटणांपुरता, स्वतः पाहिलेला, स्वतः गाळलेला मध हाताशी असणे हाच तिचा लाभ. मेण मिळते ते सिक्थतैलास उपयोगी पडते. रोगणासाठी, म्हणजे ज्यास बाजारात प्रोपोलिस म्हणतात त्यासाठी, सातेरी ठेवू नये, कारण ती ते गोळाच करीत नाही.

मध काढताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पावसाळ्यात फुलोरा नसल्याने माश्यांस साखरेचा पाक द्यावा लागतो. त्या काळातील साठा काढून मध म्हणून वापरला तर आपण ज्यावर टीका करतो तीच भेसळ आपल्या घरी झाली. दुसरी गोष्ट, ज्या घरांवर माश्यांनी मेणाची टोपणे बसविली आहेत तेवढाच मध काढावा. सातेरीच्या मधात पाण्याचा अंश मुळात अधिक असतो, कोकणासारख्या दमट हवेत तर विशेष. २०१८ साली अधिसूचित झालेल्या अन्नसुरक्षा मानकांत आर्द्रतेची कमाल मर्यादा २० टक्के आहे. कच्चा मध काढला की तो आंबतो, मग तो तापवून घट्ट करण्याचा मोह होतो, आणि उष्ण मधाविषयी शास्त्रकारांनी काय सांगितले आहे ते आपण जाणतोच. याच मानकांत कारवीच्या मधास सुक्रोजची मर्यादा ५ ऐवजी १० टक्के दिली आहे. सह्याद्रीवर काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणाऱ्या त्या झुडपाचा मध हाताळणाऱ्या औषधालयांनी ही नोंद अवश्य ठेवावी, अन्यथा प्रयोगशाळेचा अहवाल पाहून उत्तम मध नाकारला जाईल.

स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध बनविणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील उत्पादन परवान्यातून सूट आहे. ती सूट मधाची बाटली भरून, चिठ्ठी लावून विकण्यास लागू नाही. तो अन्न व्यवसाय झाला व त्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. शेजाऱ्यास भेट दिलेला मध ही विक्री नव्हे. औषधालयाच्या काचेच्या कपाटात मांडलेला मध ही विक्रीच होय.

दंशाविषयी थोडे. दंश झाल्यास नांगी ताबडतोब काढावी. ती खरवडावी की चिमटीत धरावी यापेक्षा ती लवकर निघणे महत्त्वाचे. स्थानिक सूज, दाह यांवर आपले लेप पुरेसे आहेत. परंतु अंगभर गांधी, ओठ-जिभेस सूज, श्वास लागणे, घसा बसणे, चक्कर, वमन यांपैकी काही दिसले तर तो ॲनाफिलॅक्सिस समजावा आणि तेथे लेप-काढ्यात एक मिनिटही दवडू नये. प्रौढास ०.५ मि.ग्रॅ. ॲड्रिनलिन मांडीच्या बाह्य भागी स्नायूत, आणि तत्काळ रुग्णालय, हाच मार्ग. ज्यांना ते देण्याचे प्रशिक्षण व अधिकार नाही त्यांनी पेटी ठेवण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागतो हे पाहून ठेवावे. घरात वा लगतच्या घरात कोणास पूर्वी असा त्रास झाला असेल तर पेटीचा विचारच सोडून द्यावा. आग्याचे शेकडो दंश झालेला रुग्ण वरवर बरा दिसला तरी त्याच्या वृक्कांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा त्यास निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक आहे.

नगरपालिका नियम करीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. पेटी आणण्यापूर्वी लगतच्या सर्व घरांना एक पत्र द्यावे. त्यात पेट्यांची संख्या, माशीची जात, पेटीची जागा व तोंडाची दिशा, पाण्याची सोय, मध काढण्याची वेळ, आपला दूरध्वनी क्रमांक आणि आपण परगावी असता वसाहत हाताळू शकेल अशा मधपाळाचा क्रमांक असावा. कोणास दंशाची तीव्र बाधा होते काय, हा प्रश्नही त्यातच विचारावा व उत्तर लेखी घ्यावे. पत्राची एक प्रत गृहनिर्माण संस्थेच्या वा नगरपालिकेच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी आणि ती पोच दवाखान्याच्या नोंदणी प्रमाणपत्रासोबत जपून ठेवावी.